जोडीदार ताऱ्याचा वायू ओढणाऱ्या कृष्णविवरांचे क्ष-किरण सतत कमीजास्त का होतात?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचा क्ष-किरणांमधला आलेख पहिल्यांदाच पाहिला. अर्ध्या सेकंदात तेज जवळजवळ दुप्पट होतं आणि तेवढ्याच वेळात पुन्हा खाली येतं. दुसरीकडे काही कृष्णविवरं वर्षानुवर्षं दिसतच नाहीत आणि मग अचानक आकाशातल्या सर्वांत तेजस्वी क्ष-किरण स्रोतांमध्ये जाऊन बसतात. कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नसेल, तर बदलतं ते नेमकं काय? आणि यातला किती भाग खरा, किती उपकरणाचा?"

बदलतो तो वायू. आपल्याला दिसणारे क्ष-किरण कृष्णविवराच्या क्षितिजाबाहेर (क्षितिज म्हणजे जिच्या आतून काहीच परत येत नाही ती सीमा), आत जाणाऱ्या वायूच्या शेवटच्या काहीशे किलोमीटरांच्या वाटेवर तयार होतात. या आलेखांवर मी वीसेक वर्षं काम करतोय, त्यामुळे सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. हे चढउतार म्हणजे सरासरी तेजावर बसलेली धूळ आहे असं समजून ते पुसायला जाऊ नका. सरासरी तेजावरून वायू किती येतोय एवढंच कळतं. तो कुठून निघाला, वाटेत काय झालं, आत पोहोचायला किती वेळ लागला, हे सगळं चढउतारांत लिहिलेलं असतं.

आधी आकारमान डोळ्यांसमोर आणू. सूर्याच्या १० पट वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या साधारण ३० किलोमीटर. ते स्वतःभोवती फिरत नसेल, तर वायूला स्थिरपणे फिरता येईल अशी सर्वांत आतली कक्षा सुमारे ९० किलोमीटरवर. तिथला वायू एका सेकंदात २२० प्रदक्षिणा घालतो. जोडीदार ताऱ्याकडून आलेला वायू सरळ आत पडत नाही, कारण त्याच्याकडे कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर असतो. त्याची तबकडी बनते. चुंबकीय क्षेत्रामुळे तबकडीत खळबळ माजते, तिच्यामुळे कोनीय संवेग बाहेर आणि वायू आत असा व्यवहार चालतो. या घसरणीत वायूच्या वस्तुमानाच्या ६ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत भागाची ऊर्जा मोकळी होऊ शकते. हायड्रोजनच्या संमीलनात हाच आकडा ०.७ टक्के आहे. तबकडीचा आतला भाग १ कोटी अंशांच्या आसपास तापतो आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण देतो. तिच्या आत किंवा वर विरळ, त्याहून कितीतरी तप्त वायू असतो. त्याला आम्ही कोरोना म्हणतो. तिथले इलेक्ट्रॉन तबकडीच्या फोटॉनना धडका देऊन त्यांची ऊर्जा वाढवतात आणि त्यातून शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे व त्यापुढचे क्ष-किरण येतात.

आता हे चढउतार खरे कशावरून? रात्री तारे लुकलुकतात ते आपल्या हवेमुळे. क्ष-किरण मोजणारी उपकरणं हवेच्या पार वर असतात, म्हणजे ते कारण बाद. सिग्नस एक्स-१ सापडला १९६४ मधल्या एका अग्निबाणाच्या उड्डाणात. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून उहुरू उपग्रह सुटला आणि मिनोरू ओडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की या स्रोताचं तेज सेकंदाच्या अंशात बदलतं. याचा अर्थ मोठा होता. सूर्याचा व्यास ओलांडायला प्रकाशालाच साडेचार सेकंद लागतात. एवढी मोठी वस्तू मिलिसेकंदांत एकमुखाने उजळू शकत नाही, तिच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाची खबरच मिळणार नाही. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो. म्हणजे चढउतार जितका जलद, तितका स्रोत लहान. पुढे लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन यांनी, आणि स्वतंत्रपणे टॉम बोल्टन यांनी, त्या जागी ५.६ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करणारा निळा महातारा दाखवला. त्याला फिरवणारा जोडीदार दिसत नव्हता, पण जड होता. आजच्या मोजमापानुसार तो सूर्याच्या सुमारे २१ पट आहे आणि आपल्यापासून ७,२०० प्रकाशवर्षांवर आहे. लहान आणि जड या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कृष्णविवराशिवाय दुसरं नाव देणं कठीण झालं. यातला 'लहान' हा शब्द चढउतारांनी मिळवून दिला.

सर्वांत मंद बदल म्हणजे उद्रेक. ए०६२०-०० हे कृष्णविवर ऑगस्ट १९७५ मध्ये एरियल-५ उपग्रहाला दिसलं आणि काही दिवसांतच सूर्य सोडून आकाशातला सर्वांत तेजस्वी क्ष-किरण स्रोत बनलं. जुन्या फोटोंच्या काचा काढून पाहिल्या, तर त्याच जागी १९१७ मध्येही एक तारा उजळलेला सापडला. व्ही४०४ सिग्नी १९३८ मध्ये नवतारा म्हणून नोंदला गेला होता. १९८९ मध्ये क्ष-किरणांत भडकला तेव्हा त्याची खरी ओळख पटली आणि जून २०१५ मध्ये तो पुन्हा उसळला. जोडीदार तारा वायू देतच असतो, मग मधली दशकं हे गप्प का?

कारण तबकडीत आहे, आणि त्याच्या मुळाशी हायड्रोजनचा साधा गुणधर्म आहे. तबकडी थंड असते तेव्हा हायड्रोजनचे अणू अखंड असतात, खळबळ दुबळी असते, वायू आत सरकत नाही, नुसता साचत राहतो. साचता साचता तबकडीतल्या एखाद्या वर्तुळाकार कड्याचं तापमान १० हजार अंशांच्या आसपास पोहोचलं की इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात. सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे वायू अपारदर्शक होतो, उष्णता आतच कोंडते, तापमान आणखी चढतं, खळबळ वाढते आणि वायू वेगाने आत सुटतो. शेजारची कडी एकामागून एक पेटत जातात. आतून निघालेले क्ष-किरण तबकडीचा बाहेरचा भाग तापवत राहतात, त्यामुळे ती लवकर विझत नाही आणि उतरण आठवडे किंवा महिने चालते. या साखळीचा पुरावा आलेखात दिसतो. मार्च २०१८ मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० हे कृष्णविवर आधी दृश्य प्रकाशात उजळलेलं दिसलं आणि क्ष-किरणांत त्याची नोंद झाली ती काही दिवसांनी. बाहेरची थंड बाजू आधी पेटते, आग आत पोहोचायला दिवस लागतात. सिग्नस एक्स-१ असे उद्रेक दाखवत नाही. त्याच्या महाताऱ्याचा वारा अखंड वायू पुरवतो आणि तबकडी कायम तापलेलीच राहते.

उद्रेक चालू असताना स्रोत एकाच वागणुकीत राहत नाही. चढताना तो 'हार्ड' अवस्थेत असतो, म्हणजे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण वरचढ असतात. त्यात कोरोनाचं राज्य असतं आणि तेज सरासरीच्या २० ते ४० टक्के वरखाली होत राहतं. मग काही दिवसांत तो 'सॉफ्ट' अवस्थेत जातो, तबकडी वरचढ होते आणि चढउतार चक्क काही टक्क्यांवर येतात. हे पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही. तेच कृष्णविवर, क्ष-किरण भरपूर, आणि आलेख जवळजवळ सपाट. यावरून एक धडा मिळतो, तो सरळ आहे: तबकडी एकटी असते तेव्हा शांत असते, धडपड कोरोनात आणि त्याला वायू पुरवणाऱ्या प्रवाहात आहे. उतरताना स्रोत परत हार्ड होतो, पण जाताना ज्या तेजाला वळला होता त्या तेजाला नाही, त्याहून बराच खाली, एडिंग्टन मर्यादेच्या साधारण २ टक्क्यांवर. एडिंग्टन मर्यादा म्हणजे प्रकाशाचा बाहेरचा दाब आणि गुरुत्वाकर्षण जिथे बरोबरीत येतात ते तेज. १० सूर्यांच्या कृष्णविवरासाठी ते सूर्याच्या तेजाच्या तीन लाख पटींहून जास्त भरतं. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी का, याचं सर्वांना मान्य असं उत्तर अजून नाही.

आता तुमच्या अर्ध्या सेकंदाकडे येऊ. इथे मला थोडा वेळ घ्यायचा आहे, कारण या विषयाचा गाभा इथे आहे.

ऊर्जा बहुतांश आतल्या शंभरेक किलोमीटरांत सुटते. तिथल्या हालचालींचा स्वाभाविक काळ मिलिसेकंदांचा. तरी हार्ड अवस्थेतले मोठे चढउतार मिलिसेकंदांचे नसतात, दशांश सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंतचे असतात. आतल्या इतक्या चपळ भागाला दहा सेकंदांची लय कोण देतं? पूर्वी एक चित्र मांडलं जायचं: इकडेतिकडे स्वतंत्र ठिणग्या उडतात, काही लहान, काही मोठ्या, आणि त्यांची बेरीज म्हणजे आलेख. या चित्राला धक्का बसला २००१ मध्ये. फिल अटली आणि इयान मॅकहार्डी यांनी आलेखाचे छोटे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचं सरासरी तेज व त्यातल्या चढउताराचा आकार शेजारी ठेवला. तेज जास्त तिथे चढउतारही मोठा, आणि तोही सरळ रेषेत. स्वतंत्र ठिणग्यांच्या बेरजेत असं होणार नाही. एका ठिणगीला या क्षणी एकूण तेज किती आहे हे ठाऊक असायचं कारणच नाही.

उत्तराची बीजं युरी ल्युबार्स्की यांनी १९९७ मध्येच मांडली होती. प्रत्येक कड्यात वायूचा ओघ त्या कड्याच्या स्वतःच्या लयीत कमीजास्त होतो. बाहेरच्या कड्यांची लय संथ, आतल्यांची जलद. बाहेरची वाढ-घट आत वाहत येते आणि आतलं कडं तिच्यावर आपली वाढ-घट चढवतं. तीन कडी घ्या आणि प्रत्येकात १० टक्क्यांचा फरक धरा. तिन्ही वाढीच्या बाजूला असतील तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे तेज ३३ टक्क्यांनी वर. तिन्ही घटीच्या बाजूला असतील तर ०.९ तीनदा, म्हणजे २७ टक्क्यांनीच खाली. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. सिग्नस एक्स-१ चा दशांश सेकंदाचा आलेख पुन्हा उघडा आणि त्याचा आकार बघा. शिखरं उंच आणि टोकदार, दऱ्या उथळ आणि पसरट. आलेख उलटा करून धरला तर लगेच परका वाटतो. उपकरणाचा गोंगाट असा एकीकडे झुकलेला नसतो. मला आजही नवा स्रोत हाती आला की आधी हा आकार डोळ्यांनी पाहायला आवडतो, गणित त्यानंतर.

वायू बाहेरून आत येतो याचा आणखी एक साक्षीदार आहे. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या मागून तोच चढउतार गिरवतात. संथ चढउतारांत हा विलंब शतांश ते दशांश सेकंदाचा भरतो. एवढ्या वेळात प्रकाश हजारो किलोमीटर जाईल, आणि आपला तप्त प्रदेश तर काहीशे किलोमीटरांचा. म्हणजे हा विलंब प्रकाशाच्या प्रवासाचा असू शकत नाही. लाट आधी बाहेरच्या, तुलनेने थंड भागातून जाते आणि मग आतल्या तप्त भागात पोहोचते. तिचा वेग वायू आत सरकण्याचा वेग आहे.

खूप जलद चढउतारांत मात्र क्रम उलटतो आणि कमी ऊर्जेचे किरण मागे पडतात, तेही मिलिसेकंदापेक्षा कमी वेळाने. हा मात्र प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ. कोरोनातून निघालेला किरण तबकडीवर आपटून आपल्याकडे येतो, थेट आलेल्या किरणापेक्षा थोडा उशिरा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या नायसर उपकरणाने मॅक्सी जे१८२०+०७० चा हा प्रतिध्वनी दिवसामागून दिवस मोजला. एरिन कारा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की हार्ड अवस्थेत हा विलंब घटत गेला, पण तबकडीतल्या लोहाच्या रेषेची (लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेला देतात त्या क्ष-किरणांच्या उंचवट्याची) रुंदी बदलली नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की तबकडीची आतली कड जागेवर होती आणि तिच्यावरचा कोरोना आकसत होता. दुर्बिणीतून ज्याचं चित्र काढता येणार नाही अशा वस्तूची उंची केवळ उशिरावरून मापली गेली.

या बेतालात कधी कधी ताल येतो. पॉवर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या लयीचा चढउतार किती मोठा आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, अरुंद उंचवटा दिसतो, त्याला आम्ही क्यूपीओ म्हणतो. अर्थ एवढाच की ठोके जवळजवळ नियमित आहेत, घड्याळासारखे नाहीत. सर्वांत नेहमीचा प्रकार सेकंदाला दशांश ठोक्यापासून पंधराएक ठोक्यांपर्यंत असतो आणि उद्रेक चढत जातो तसा वेगवान होतो. फिरतं कृष्णविवर भोवतालचा अवकाशच ओढत नेतं, त्यामुळे तिरका आतला प्रवाह भोवऱ्यासारखा डुलतो, हे त्याचं स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. अॅडम इन्ग्रॅम यांच्या गटाने २०१६ मध्ये एच१७४३-३२२ या स्रोतात लोहाची रेषा चारेक सेकंदांच्या ठोक्याबरोबर पुढेमागे सरकताना दाखवली. डुलणारा प्रवाह तबकडीच्या एकेका बाजूवर प्रकाश टाकत असेल तर असंच व्हायला हवं. जलद ठोके दुर्मीळ आहेत. जीआरओ जे१६५५-४० मध्ये सेकंदाला ३०० आणि ४५० असे दोन सापडले. या कृष्णविवराचं वस्तुमान ६ सूर्यांच्या आसपास आहे. ते फिरत नसेल तर सर्वांत आतल्या स्थिर कक्षेत सेकंदाला साधारण ३५० फेऱ्या होतील. ४५० हा आकडा खरोखर कक्षेचा असेल, तर कक्षा आणखी आत हवी, म्हणजे कृष्णविवर फिरतं हवं.

जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवर-स्रोताविषयी न लिहिता हे उत्तर पुरं करणं मला जमणार नाही. १९९२ मध्ये तो उजळला आणि पंचवीसहून जास्त वर्षं तेजस्वी राहिला. जोडीदाराची प्रदक्षिणा सुमारे ३४ दिवसांची, म्हणून तबकडी अवाढव्य आणि साठा प्रचंड. तोमासो बेलोनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये त्याच्या आलेखांचे १२ प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाला एक ग्रीक अक्षर दिलं. त्यातला 'ऱ्हो' प्रकार हृदयाच्या ठोक्यांच्या पट्टीसारखा दिसतो: संथ चढण, टोकदार शिखर, झपकन उतार, मिनिटाच्या आसपास एक फेरी, आणि असं तासन् तास. तेज एडिंग्टन मर्यादेजवळ गेलं की आतल्या तबकडीत वायूपेक्षा प्रकाशाचाच दाब जास्त होतो आणि ती अस्थिर होते. आतला भाग झटक्यात रिकामा होतो, मग बाहेरून हळूहळू भरतो, पुन्हा रिकामा होतो. दुसऱ्या एका प्रकारात क्ष-किरण अर्धा तास बुडतात आणि पाठोपाठ आधी अवरक्त, मग रेडिओ लहरींत उसळी येते. वायूचा एक भाग झोतातून बाहेर फेकला जाण्याची ती वेळ. भारताच्या आयआरएस-पी३ उपग्रहावरच्या क्ष-किरण उपकरणाने १९९६ नंतर हा स्रोत पाहिला होता. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये गेलेल्या अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाने त्याचे जलद ठोके टिपले. ते उपकरण टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलं आणि प्रत्येक फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांच्या बारकाव्याने नोंदतं. २०१८ पासून जीआरएस १९१५+१०५ मंदावला आहे. आतलं इंजिन अजून चालू असून मध्ये दाट वायू आड आला असावा, असं बरीच निरीक्षणं सुचवतात.

आडव्या येणाऱ्या वायूची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, सगळे चढउतार इंजिनातले नसतात. सिग्नस एक्स-१ मध्ये महाताऱ्याच्या वाऱ्यातले गोळे मध्ये येतात आणि काही मिनिटांसाठी तेज खाली जातं. कमी ऊर्जेचे किरण जास्त अडतात, त्यावरून हे ओळखता येतं. व्ही४०४ सिग्नीच्या २०१५ च्या उद्रेकातल्या कित्येक उड्या अशाच पडद्यामुळे होत्या.

राहिला उपकरणाचा भाग. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मला ५,७०० सेकंदांच्या आसपास एक सुंदर, अरुंद उंचवटा मिळाला होता. दोन आठवडे मी त्यावर घालवले. तो उपग्रहाचा पृथ्वीभोवतीचा फेरा होता: दर ९६ मिनिटांनी पृथ्वी आड येत होती आणि आलेखात भोकं पडत होती. तेव्हापासून निरीक्षणांच्या खिडक्यांचाच पॉवर स्पेक्ट्रम मी आधी काढतो. दुसरी बाब म्हणजे मृतकाळ. एक फोटॉन नोंदल्यावर उपकरण काही मायक्रोसेकंद आंधळं असतं आणि त्या वेळात आलेला दुसरा फोटॉन हरवतो. स्रोत तेजस्वी असेल तर त्यामुळे गोंगाटाची पातळी अपेक्षेपेक्षा खाली येते. ती दुरुस्त न करता जलद चढउतारांवर काही विधान केलं, तर ते टिकत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा निकाल तुम्ही स्वतः लावू शकता. आरएक्सटीई उपग्रह डिसेंबर १९९५ मध्ये गेला आणि जानेवारी २०१२ पर्यंत चालला. त्याची सिग्नस एक्स-१ ची निरीक्षणं नासाच्या हेसार्क संग्रहात सर्वांना खुली आहेत. हार्ड अवस्थेतलं एक निरीक्षण घ्या. त्याचे एकेका सेकंदाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याचं सरासरी तेज काढा आणि त्या क्रमाने तुकड्यांचे वीसेक गट करा. प्रत्येक गटाचा सरासरी पॉवर स्पेक्ट्रम काढा, फोटॉन मोजणीचा गोंगाट वजा करा आणि २ ते २० हर्ट्झमधल्या (सेकंदाला २ ते २० वेळा होणाऱ्या) चढउताराचा आकार मिळवा. मग तेज आडव्या अक्षावर आणि चढउतार उभ्या अक्षावर मांडा. केवळ फोटॉन मोजणीचा गोंगाट तेजाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे त्याचा आलेख वाकलेला यायला हवा. तुम्हाला सरळ रेषा मिळेल. ती मागे वाढवली तर नेमकी शून्यावर येत नाही, आडव्या अक्षाला शून्याच्या थोडी उजवीकडे छेदते. छेदाचं ते अंतर टिपून ठेवा. तेजाचा तेवढा भाग या गुणाकारात सामील नसलेला, स्थिर राहणारा असू शकतो.